शेजारच्या भिंतीवरचं लग्न

ती भिंत माझी नव्हती आणि तिच्यावर काय लिहिलंय तेही मला ठाऊक होतं. तरी मी ‘चालेल’ म्हणालो. भोरला आमच्या आळीत गेल्या हिवाळ्यात जे झालं, ते या एका शब्दापासून सुरू झालं, म्हणून तो आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे घरात लग्न निघालं की दाराशेजारची भिंत चुन्यानं पांढरी करतात. मग पेंटर येऊन गणपती, कळस आणि दोन्ही बाजूंना केळीचे खांब काढतो आणि मधोमध नवरानवरीची नावं लिहितो. लग्न होतं, मांडव उतरतो, नावं मात्र राहतात. ती कोणी पुसत नाही. ऊन-पाऊस काय नेईल ते नेईल. घरात पुढचं लग्न निघालं तरच त्यावर चुना फिरतो. मी लहान असताना आळीतल्या एका घरानं लग्न नसताना सकाळी लवकर भिंत पांढरी केली होती. त्यांच्या मुलीचं कोर्टात मिटल्याचं, म्हणजे काडीमोड झाल्याचं, सगळ्या आळीला त्या भिंतीवरून कळलं. कोणी काही विचारलं नाही.

शेजारच्या भाऊंच्या भिंतीवर त्यांच्या एकुलत्या मुलीचं आणि जावयाचं अशी नावं होती. लग्नाला तीन पावसाळे झाले होते. गणपतीची सोंड तेवढी फिकी पडली होती, नावं नीट वाचता येत होती. ती मुलगी श्रावणात माहेरी आली ती अजून गेली नव्हती. नवऱ्याशी पटत नव्हतं एवढंच आम्हाला माहीत होतं. ‘भाताच्या कामाला थांबलीय’ असं वहिनी म्हणायच्या आणि आम्हीही तसंच म्हणायचो.

त्या रविवारी गावात कलेचा आणि गाण्याबजावण्याचा उत्सव होता. गावातल्याच तरुण मंडळींनी भरवलेला, सगळ्यांना फुकट. पुलाकडून चौकापर्यंतचा रस्ता गाड्यांना बंद, कडेच्या भिंती चित्रकारांना दिलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर गाणारे-वाजवणारे. भाऊ, वहिनी आणि मुलगी भाताच्या झोडणीसाठी आदल्या दिवशीच गुंजवण्याला शेतावर गेले होते. त्यांच्या घराला कुलूप होतं.

सकाळी मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसलो होतो. पुण्याहून आलेली एक चित्रकार बाई शिडी आणि रंगाचे डबे घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. तिला कबूल केलेल्या भिंतीच्या मालकानं ऐनवेळी नाही म्हटलं होतं. ती भाऊंच्या भिंतीकडे बघत होती.

“ही कोणाची, दादा?”

“घरचीच आहे,” मी म्हणालो. भाऊंचं आणि आमचं घर एकच, असं आम्ही नेहमी म्हणतो. त्या वेळी ते मला पुरेसं वाटलं.

“पण यावर नावं आहेत. लग्नाची ना? पुसली तर चालेल?”

मी नावं पुन्हा एकदा वाचली. खरं सांगायचं तर मला ती बाई जायला नको होती. भिंतीएवढं चित्र माणूस कसं काढतो हे मला कित्येक दिवसांपासून बघायचं होतं, आणि आता ते माझ्या पायरीपासून चार हातांवर होणार होतं. “चालेल,” मी म्हणालो. “जुनं झालंय ते.”

तिनं रोलरनं पांढरा रंग मारला. दोन हातांत नावं गेली.

नंतर तिनं जे केलं त्यानं मी चक्रावलो. सुकलेल्या पांढऱ्या भिंतीवर तिनं ब्रशनं वाटेल तशा खुणा ओढल्या. वेटोळी, फुल्या, उलटे आकडे, एक चहाची किटली. मला वाटलं, हात मोकळा करतेय. मी विचारलं तर हसून म्हणाली, “या खुणांचा मोबाईलवर फोटो काढायचा. आपलं चित्र त्या फोटोवर ठेवायचं. मग चोच कुठं येते? किटलीच्या वर. शेपूट कुठं? या फुलीपाशी. खुणा नसतील तर एवढ्या भिंतीवर माणूस हरवतो.” तिनं मला मोबाईल दाखवला. पाण्यात सूर मारणारा खंड्या होता. मी तिला भंडावून सोडलं. निळा वाळला की गडद होतो का, स्प्रे किती लांबून मारायचा, खडबडीत भिंतीला रंग जास्त लागतो का. ती न कंटाळता सांगत होती. खाली जमलेल्या बायका ओळखायचा खेळ खेळत होत्या. एक म्हणाली, “कावळा हाय.” दुसरी म्हणाली, “निळा कावळा तुझ्या माहेरी असंल.”

मग मी उत्सव बघायला बाहेर पडलो. चौकात एकानं खडूनं डांबरावर विहीर काढली होती, पायऱ्यांसकट. एका जागी उभं राहून बघितलं की खरोखर खोल दिसायची. धोतरातले एक म्हातारे बाबा काठीनं तिचा काठ चाचपत होते.

“डांबरच हाय, बाबा,” कोणीतरी म्हणालं.

“म्हाईत हाय मला,” बाबा म्हणाले, आणि विहिरीला वळसा घालून गेले. त्यांच्यामागून आलेल्या दोन बायकाही वळसा घालूनच गेल्या. मी मुद्दाम मधोमध पाय ठेवला. टेकवायच्या आधी पाय क्षणभर आपोआप अडला, याची मला मोठी मौज वाटली.

भेळेच्या गाडीपाशी एक जण तेलाच्या रिकाम्या डब्यांवर ताल धरत होता आणि शेजारी सनईवाला होता. आमच्याकडच्या लग्नांत वाजवणाराच, पण आज त्याला कोणी ‘आता थांबा, मंगलाष्टका’ असं म्हणणारं नव्हतं. त्यानं डोळे मिटून इतका वेळ वाजवलं की डबेवाला दमून नुसता त्याच्याकडे बघत बसला. वाजवून झाल्यावर मी सनईवाल्याला विचारलं, एवढा दम कुठून येतो. “लग्नात जेवायच्या आधी वाजवावं लागतं,” तो म्हणाला. “आज जेवून आलोय.”

जेवायच्या वेळी मी घरी आलो. चित्रकार बाई जेवायला गेली होती. भिंतीवर अर्धा खंड्या होता. आणि आळीच्या तोंडाशी, भाताचं पोतं डोक्यावर घेतलेले भाऊ आणि मागून वहिनी नि मुलगी येताना दिसले. रस्ता बंद म्हणून नसरापूरहून आलेल्या गाडीनं त्यांना पुलापाशीच उतरवलं होतं.

वहिनी भिंतीसमोर थांबल्या. भाऊंनी पोतं खाली ठेवलं. मुलगी दोघांच्या मागं होती.

“भावजी, हे कुनी पुसलं?”

माझ्या तोंडून निघालं, “त्या उत्सवाच्या पोरांनी. बाहेरची माणसं, वहिनी, त्यांना काय कळतंय.”

इतकं सहज निघालं की मलाच ते क्षणभर खरं वाटलं.

“आज किकवीची मान्सं येनार हायेत,” वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता. “तिची सासू आन् चुलतसासरे. संध्याकाळी पोरीच्या नांदायची बोलनी हायेत. दारात पाय ठिवायच्या आधी हीच भिंत दिसनार त्यांना. काय समजतील?”

काय समजतील ते आळीतल्या कोणालाही सांगावं लागलं नसतं. मुलीकडच्यांनी आपल्या बाजूनं मिटवलं, वर चिमणीपाखराचं चित्रही काढलं, असंच.

“परत लिहून घेऊ,” मी म्हणालो. “पेंटर आहे की गावात.”

“एका लग्नाची नावं दोनदा लिहीत न्हाईत,” भाऊ म्हणाले. एवढं बोलून त्यांनी पोतं उचललं आणि आत गेले. मुलीनं पायातली चप्पल काढून भिंतीला टेकवली नि ती आत गेली.

मी जेवलो नाही. चित्रकार बाई परत येईल, भाऊ तिला विचारतील आणि ती माझ्याकडे बोट दाखवेल, या भीतीनं मी पुन्हा उत्सवात निघून गेलो. एका शाळेच्या कंपाउंडवर एक जण नुसत्या चिखलानं चित्र काढत होता. चार वेगवेगळ्या शेतांमधली माती, चार रंग. दुसऱ्या कोणत्या दिवशी मी त्याच्यापाशी तास काढला असता. काळी माती कुठली, तांबडी कुठली, भिंतीला धरावी म्हणून तो त्यात काय घालतो, हे प्रश्न मनात येत होते. पण विचारायला तोंड उघडलं की वहिनींचा खाली गेलेला आवाज ऐकू यायचा.

ऊन उतरताना घरी आलो तर बायको मागच्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

“भाऊंनी विचारलं त्या बाईला. मी खिडकीत होते.”

“मग?”

“म्हणाली, मला इथल्या एका माणसानं चालेल म्हणून सांगितलं. कोण ते विचारलं तर तुमच्या पायरीकडे बघितलं आणि म्हणाली, आता ओळखणार नाही मी. बिचारी माफी मागत होती. भाऊ तिला नाही नाही ते बोलले.” तिनं सूप आपटलं. “परक्या बाईनं तुम्हाला झाकलं. तुमचं तोंड काय शिवलंय?”

मी बाहेर आलो. खंड्या पुरा झाला होता. बाई रंगाचे डबे पुसत होती, डोळे लाल दिसत होते. तिच्याशी बोलावं म्हणून मी पायरी उतरलो, तेवढ्यात किकवीचे पाहुणे आळीत शिरले. चुलतसासरे फेटा बांधलेले, थोराड. मागून मुलीची सासू. दोघंही भिंतीपाशी थांबले. भाऊ दारात आले होते, पण त्यांच्या तोंडून ‘या’ निघेना.

चुलतसासरे भिंतीकडे बघतच म्हणाले, “मिटवलंच म्हना की. मग आमाला कशापायी बोलवलं, पाहुनं? बोलनी तरी करायची व्हती आधी.”

सासूबाईंनी पदर सावरला आणि परत वळायला पाय उचलला.

“थांबा,” मी म्हणालो. “यांनी नाही पुसलं. हे गुंजवण्याला होते, घराला कुलूप होतं. मी पुसायला सांगितलं. मी शेजारी.”

“तुमी?” चुलतसासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमचं काय व्हतं त्यात?”

“मला चित्र काढताना बघायचं होतं.”

हे इतकं हलकं उत्तर होतं की मला मान वर करवेना. पण खरं तेवढंच होतं. मग मी भाऊंकडे वळलो आणि दुपारी खोटं बोललो तेही सांगितलं. या बाईंनी मला नावांबद्दल विचारलं होतं, त्यांची काही चूक नाही, हेही सांगितलं. वहिनी आतून म्हणाल्या, “भावजी, तुमी?” आणि एवढंच. त्या दोन शब्दांपेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चुलतसासरे बराच वेळ खंड्याकडे बघत राहिले. “नदीवर असतो त्यो ना ह्यो?” ते चित्रकार बाईला म्हणाले. तिनं मान हलवली. मग ते सासूबाईंना म्हणाले, “चल आत. मान्सानं कबूल केलंय. आता आलोय तर बोलून जाऊ.”

दार लागलं. मी चित्रकार बाईची माफी मागितली. ती म्हणाली, “मीही कुलूप बघितलं होतं, दादा. मला थांबायला हवं होतं.” तिनं शिडी उचलली आणि गेली.

चौकातून गाणं ऐकू येत होतं, शेवटचा कार्यक्रम असावा. मी पायरीवर बसून राहिलो. आत काय बोलणं चाललंय ते कळत नव्हतं आणि कळून घ्यायचा मला अधिकारही नव्हता. दिवेलागणीला पाहुणे बाहेर पडले. चहा झालेला दिसत होता. चुलतसासरे भाऊंना एवढंच म्हणाले, “संक्रांतीपत्तूर कळवा. पोरीला इचारून कळवा.”

ते गेल्यावर मुलगी बाहेर आली. तिनं चप्पल पायात घातली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दिवसभरात तिला पहिल्यांदाच चित्र नीट बघायला मिळत होतं. मी उठून तिच्यापाशी गेलो.

“काका,” तिनं विचारलं, “रंग मारायच्या आधी तुम्ही नावं वाचली होती?”

“वाचली होती.”

“मग काय वाटलं तुम्हाला? मी जाणार नाही असं?”

मी खरं आठवून बघितलं. “तुझा विचारच केला नाही मी,” मी म्हणालो. “भाऊंची भिंत म्हणून बघितली. तुझं नाव वाचलं, पण तू डोक्यात आली नाहीस.”

दुपारपासून मी भाऊंकडे, वहिनींकडे, पाहुण्यांकडे, परगावच्या बाईकडे बघितलं होतं. नाव जिचं पुसलं होतं तिच्याकडे एकदाही नाही.

“माझं चुकलं, बाळा,” मी म्हणालो. “पुसायचं का ठेवायचं, हे तुला विचारायला हवं होतं. मला माफ कर.”