पोराची बाटली

सेराफिनाला उत्तर इटलीत, लांगेच्या टेकड्यांवर लग्नाच्या मध्यस्थाने आणली. तिथल्या पोरी तोरिनोच्या कारखान्यांकडे पळालेल्या, द्राक्षमळ्यांत नुसते बाप्ये उरलेले. म्हणून बायका पार खालून, दक्षिणेच्या कालाब्रियातून आणायचे. दारात उभी केली तेव्हा सासू सेकोंदीनाने बाजारातलं वासरू बघावं तशी तिला वळवून पाहिली.

"काळीच हाय की. दात तरी दाखव."

नवरा देल्फिनो आपल्या बुटांकडे बघत राहिला. जन्मभर तो तेच करत आला.

घरात बारोलो ही भारी लाल वाइन व्हायची, पण ती विकायला. घरच्यांच्या घशाला रोजची हलकी वाइन. बारोलो फुटायची ती नाताळात गोमांस शिजवायला, नाहीतर बाळंतिणीला, अंगात रक्त भरावं म्हणून. तळघराची किल्ली सेकोंदीनाच्या गळ्यात, क्रुसाशेजारी. सुनेला दिवस गेले तसं म्हातारीने एक चांगली बाटली वेगळी काढून आडवी ठेवली. सेराफिना मनातल्या मनात तिचा घोट रोज घ्यायची.

बाळंतपण वाईट गेलं. गादी रक्ताने जड झाली. सुईण ओरडली, "बाटली आणा, बाई! बाळंतीण पांढरीफटक पडलीय."

"झालंय काय?" सेकोंदीनाने दारातूनच विचारलं.

"मुलगी."

"मग दूध-पाव चारा सुनेला. पोरीपायी बारोलो फोडली तर गाव हसंल. ती पोराची बाटली हाय. पोरगा झाला की उघडू."

"आई, एक घोट तरी..." देल्फिनो पुटपुटला.

"तू गप."

सेराफिना वाचली. कूस मात्र पुन्हा भरली नाही. म्हातारी दर रविवारी चर्चमधून आली की बाटलीवरची धूळ पुसायची आणि पाहुण्यांना दाखवायची, "ही माझ्या नातवाची. नातू तेवढा यायचा ऱ्हायलाय." नात ओर्नेल्लाला हाक मारायची ती "बाटलीबुडवे" म्हणूनच.

सेराफिना गप राहून चूल शिकली. ही वाइन मोठी हट्टी. उपाशीपोटी घेतली तर जीभ सुकवते, हिरड्या आवळते. पण चरबीचं मांस, जुनं कडक चीज, रानातली अळंबी पुढे केली की मवाळ होते. ओतायची कशात हे तिला ठाऊक झालं. तिच्या पेल्यात मात्र कधी आली नाही.

बाटलीला बावीस वर्षं झाली त्या हिवाळ्यात सेकोंदीना पडली. खुबा मोडला. स्वयंपाकघराच्या कडेला तिची खाट टाकली. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही, मागेल ते द्या.

"पोराची बाटली उघड," म्हातारी म्हणाली. "त्या साली गारा पडल्या न्हवत्या. एक पेला तोंडात घेऊन मरू दे."

"उघडते की," सेराफिना म्हणाली आणि तिच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली. म्हातारीचा हात उचललाच गेला नाही.

तिने गोमांसाचा गोळा लोण्यात लाल केला. कांदा, गाजर, लवंग, तमालपत्र टाकलं. मग खाटेकडे तोंड करून बाटली उघडली आणि पातेल्यात उपडी धरली. शेवटचा गाळसुद्धा ठेवला नाही.

"अगं, पेलाभर तरी..." देल्फिनो उठला.

"तुम्ही गप."

तो बुटांकडे बघत बसला. दुपारपर्यंत घर त्या वासाने भरून गेलं.

"आई, आजी रडतेय गं," ओर्नेल्ला म्हणाली.

"रडत नाही. तोंडाला सुटलेलं पाणी डोळ्यांतनं येतंय."

तिघांची ताटं वाढून झाल्यावर सेराफिना वाडगा घेऊन खाटेशी बसली. दूध-पाव. म्हातारीने वाडग्यात पाहिलं. सगळं समजलं तिला. नाकपुड्या फुगवून तिने एक लांब श्वास घेतला.

"कांदा करपवलास," ती म्हणाली. "खालचीच तू. आन् झाकण टाक, वाफ वाया चाललीय."

"वाया कशी जाईल, आई?" सेराफिनाने चमचा तिच्या ओठांना लावला. "तुमच्यासाठीच सोडलीय."