पाचवी गाठ

आमच्याकडं लांब पल्ल्याच्या डोंगरवाटा चालणाऱ्यांचा मेळावा दरवर्षी फेब्रुवारीत पडेगावच्या एका लॉनवर भरतो, आणि त्यात सगळ्यात मोठं भांडण पार्किंगवरून होतं. आठ-आठ दिवस डोंगर तुडवल्याचं सांगणारी माणसं आपली गाडी फाटकाला चिकटूनच लागली पाहिजे म्हणून एकमेकांच्या अंगावर जातात. लॉनवाल्यानं मागच्या बाजूला एक शेत साफ करून दिलं होतं. पाच मिनिटं चालावं लागलं असतं. तिकडं एकही गाडी गेली नाही. माझीही नाही. मी सकाळी साडेनऊलाच येऊन फाटकाच्या खांबाशी गाडी लावली आणि बायकोला म्हणालो, "बघ, लवकर निघाल्याचा फायदा."

मेळाव्याला ती पहिल्यांदाच येत होती, कारण या वर्षी सत्कारमूर्तींमध्ये मी होतो.

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं खुर्ची उबवून मी निवृत्त झालो. पहिले सहा महिने गारखेड्यातल्या घरात बायकोच्या पायात-पायात घुटमळलो. शेवटी तिनंच मला या चालणाऱ्यांच्या मंडळात ढकललं. मंडळाची मोठी वाट वेरूळकडून निघते आणि डोंगराच्या कडेकडेनं आठ दिवसांत अजिंठ्याला पोचते. रोज संध्याकाळी एका गावात मुक्काम असतो. तिथं एक घर ठरलेलं असतं, तिथंच जेवायचं. जेवण झालं की त्या घरची बाई आपल्या काठीला रंगीत सुती दोऱ्याची एक गाठ मारते. आठ मुक्काम, आठ गाठी. आठ गाठींची काठी घेऊन मेळाव्यात स्टेजवर जायचं, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि माइकवर म्हणायचं, "सगळी वाट पायी." मग शाल, श्रीफळ आणि पितळी बिल्ला. बिल्ला इवलासा असतो, पण तो मिळवलेली माणसं लग्नातही कोटावर लावून फिरतात.

माझ्या काठीला आठ गाठी होत्या. त्यातली पाचवी खोटी होती.

डिसेंबरातल्या त्या पाचव्या दिवशी माझ्या डाव्या टाचेचा फोड फुटला. मोजा रक्तानं चिकटला होता. पुढची डोंगरधार उन्हाची, दगडांची आणि लांबलचक. बरोबरच्यांना मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं, मी फोटो काढत सावकाश येतो." ते दिसेनासे झाले तसा मी फरफटत खालच्या रस्त्यावर उतरलो. तिथं सिल्लोडकडचा एक दुधाचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हरनं माझ्या पायाकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं.

"बैठो चाचा," तो म्हणाला. "पैदल जाके कौनसा इनाम मिलनेवाला है?"

इनाम मिळणार होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. मी मागं कॅनच्या मधोमध बसलो. झाकणं सैल होती आणि रस्ता आपल्याकडचाच होता. मांडीवर सॅक घेऊन तासाभरात मी पाचव्या मुक्कामाच्या गावात उतरलो. सगळ्यांच्या आधी पोचलो, हीच पंचाईत झाली. मुक्कामाच्या घरच्या मावशी ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. त्यांनी मला टेम्पोतून उतरताना डोळ्यांनी पाहिलं. काही विचारलं नाही. पाय धुवायला कोमट पाणी दिलं, फोडावर हळद दाबली, ताटात भाकरी आणि पिठलं वाढलं, आणि मी ताट चाटूनपुसून साफ केल्यावर काठी ओढून घेऊन गाठ मारली. मी चक्क "मावशी, राहू द्या" म्हणायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

नंतरचे दोन तास मी शाळेच्या मागं बाभळीखाली लपून काढले, बासष्ट वर्षांचा माणूस. मंडळी धारेवरून उतरली तसा मीही लंगडत दुसऱ्या अंगानं आलो. एवढा उशीर का, असं विचारल्यावर मी म्हणालो, बिबट्याचं पाऊल दिसलं. ताजं होतं. फोटो? बॅटरी संपली होती.

हा बिबट्या पुढं फार वाढला. अजिंठ्याला पोचेपर्यंत पावलाची पावलं झाली. गारखेड्यात आल्यावर त्याची गुरगुर ऐकू आली. जानेवारीत कॉलनीच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात तो माझ्यापासून वीस फुटांवर बसला आणि माझ्या डोळ्यांत पाहून निघून गेला. प्रत्येक वेळी बायको शेजारी असायची. चहा द्यायची, ऐकायची. मी मान ताठ करून सांगायचो, कारण लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि तिनं ऐकत राहावं असं माझ्या आयुष्यात याआधी काही घडलंच नव्हतं. बिल्ला गेला असता तरी मी सोसलं असतं. तिच्यासमोर खोटा पडलो असतो तर मात्र मला घरात तोंड लपवायला जागा उरली नसती.

आणि मेळाव्याच्या सकाळी लॉनच्या फाटकावर लावलेल्या फ्लेक्सवर मी वाचलं: प्रमुख अतिथी, पाचव्या मुक्कामाच्या अन्नदात्या. खाली त्या मावशींचा फोटो होता.

मी घाईनं बायकोला फ्लेक्सपासून लांब, स्टॉलकडं वळवलं. मग तिच्या मागं मेळावा बघत फिरलो. एका स्टॉलवर गुडघ्याचे पट्टे होते, एकावर नाचणीचे लाडू, एकावर परदेशी काठ्या. त्या काठीची किंमत ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात तर माणूस ऑटोनं अजिंठ्याला जाऊन येईल. प्लायवूडचा एक डोंगर उभा केला होता आणि त्याच्यासमोर फोटोसाठी रांग होती. खरे डोंगर मागंच होते, पण त्यांच्याकडं तोंड केलं की ऊन डोळ्यांवर येत होतं. उद्घाटनाला एक किलोमीटरची प्रतीकात्मक चाल ठेवली होती. ऊन वाढल्यामुळं ती रद्द झाली, आणि हे माइकवर जाहीर झाल्यावर दिवसातल्या पहिल्या टाळ्या पडल्या.

अकराच्या सुमाराला फाटकाशी थोडी गडबड दिसली. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका बाईला आमचा स्वयंसेवक पास मागत होता. त्या मावशीच होत्या. अध्यक्षांना आणायला एक गाडी गेली होती, गुडघ्यांवर बोलायला येणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना आणायला दुसरी. प्रमुख अतिथींना कुणी आणायचं हे ठरवायचं राहून गेलं होतं. मावशी दोन एसट्या बदलून आल्या आणि स्टॉपपासून उन्हातून चालत आल्या. पास मागणाऱ्याला त्या फ्लेक्सवरचा स्वतःचा फोटो दाखवत होत्या. खरं तर मी उठून धावायला हवं होतं. मी खुर्चीत आणखी खाली सरकलो. बायकोच उठली, फाटकापर्यंत गेली, गाठोडं आपल्याकडं घेतलं आणि मावशींना स्टेजजवळ बसवून आली. गाठोड्यात शेंगदाण्याची चटणी होती, सगळ्यांसाठी.

मग भाषणं झाली. अध्यक्षांनी गाठीवर वीस मिनिटं घेतली. गाठ म्हणजे मातीनं माणसाच्या पावलांना दिलेली साक्ष आहे, असं ते म्हणाले. ही परंपरा फार प्राचीन असावी, असंही म्हणाले. मंडळ सुरू होऊन बारा वर्षं झाली आहेत.

त्यानंतर मावशींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकपासून हातभर लांब उभ्या राहिल्या.

"मला काय बोलता येत नाय. पर हे सायेब गाठीचं लई बोलले म्हणून सांगते. पहिल्या साली तीस-चाळीस माणसं एकदम आली. कोण जेवलं, कोण ऱ्हायलं, काय कळंना. दोघं जण दोनदा जेवले अन् एक पोरगी उपाशी झोपली. मला लई वाईट वाटलं. तवापासून जेवलं की म्या काठीला गाठ मारते. माझं बघून मग बाकीच्या गावच्या बाया मारायला लागल्या. ती जेवल्याची गाठ हाय. चालत आला का गाडीत आला, ते म्या कशाला बघू? निम्मे तर दुधाच्या गाडीतूनच उतरतेत."

केटररच्या पोरानं पातेल्यावर झाकण टाकलं, ते स्टेजपर्यंत ऐकू आलं. मी आजूबाजूला पाहिलं. सत्काराच्या रांगेत आम्ही अकरा जण होतो आणि बहुतेकांच्या नजरा आपापल्या काठीच्या एकाच जागेवर खिळल्या होत्या. माझ्या पलीकडच्या गृहस्थांनी तर त्या जागेवर अंगठा ठेवला होता. नुकतंच त्यांनी मला त्याच धारेवर अस्वल पाहिल्याचं सांगितलं होतं.

सूत्रसंचालक हुशार निघाला. "ही आपल्या मावशींची खास ग्रामीण विनोदबुद्धी!" असं म्हणून तो स्वतःच हसला. त्याबरोबर सगळे हसले. आम्ही अकरा जण जरा जास्तच हसलो. मावशी काही हसल्या नाहीत. आपण काय गंमत केली ते त्यांना कळेना, म्हणून त्या समोरच्या रांगेकडं बघू लागल्या आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"पाय बरा झाला का, दादा?" त्या माइकवरूनच म्हणाल्या.

"हो मावशी," मी म्हणालो. माझा मलाच आवाज ऐकू आला नाही. बायको तिसऱ्या रांगेत होती.

मावशी तेवढ्यावरच खाली उतरल्या. मग एकेक नाव पुकारलं गेलं. अकरांपैकी एकजणही रांगेतून बाहेर पडला नाही. माझं नाव आलं. मी वर गेलो, माती कपाळाला लावली आणि माइकवर म्हणालो, "सगळी वाट पायी." आवाज चांगला खणखणीत निघाला. बिल्ला लावताना अध्यक्ष कानात म्हणाले, "बिबट्यावर पुढच्या वर्षी अर्धा तास बोला." मी हो म्हणालो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही फोटोसाठी मी हसलो.

खाली आलो तर बायको मावशींच्या शेजारी जेवायला बसली होती. ताटात वाढलेला ठेचा केटररनं गारखेड्यात मिक्सरवर वाटून आणला होता. मावशींनी तो बाजूला सारला आणि बायकोच्या ताटात आपली चटणी वाढली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलतात ते ऐकायला मी जवळ गेलो नाही.

मावशींना आम्ही आमच्या गाडीतून बसस्टँडवर सोडलं. उतरताना त्यांनी बायकोच्या हाताला धरून "या एकदा घराकडं" म्हटलं. मलाही म्हणाल्या, "फोड जपा, दादा." गाडी क्रांती चौकात सिग्नलला थांबली. शर्टावरचा बिल्ला सीटच्या पट्ट्याखाली टोचत होता.

"मावशी काय म्हणत होत्या?" शेवटी मी विचारलं.

"चटणी कशी करतात ते सांगत होत्या."

"आणखी?"

"आणखी काय सांगायचं त्यांनी?" ती समोर सिग्नलकडं बघत म्हणाली. "तुम्ही डिसेंबरात आलात तेव्हा तुमच्या सॅकला नासक्या दुधाचा वास येत होता. तीनदा धुतली मी. शेवटी गच्चीवर चार दिवस उन्हात टाकली, तेव्हा गेला."

म्हणजे तिळगुळाच्या कार्यक्रमात बिबट्या माझ्या डोळ्यांत बघत होता, तेव्हा ती हे सगळं माहीत असून सगळ्यांना चहा देत होती. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"अहो, चला," ती म्हणाली. आणि गाडी हलल्यावर हळूच म्हणाली, "बाकीचे सात दिवस तरी चाललात ना?"

चाललो होतो. पाऊल न् पाऊल चाललो होतो. सातव्या दिवशी तर टाच इतकी सुजली होती की बूट हातात घेऊन चप्पल घातली आणि काट्यांतून उतरलो. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, कारण बिबट्यापुढं ते फार साधं वाटायचं.

"चाललो गं," मी म्हणालो. "शपथ."

तिनं माझ्या बिल्ल्याकडं एकदा पाहिलं आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बरं."