वास्तववादाचा रविवार

"वास्तव! आधी वास्तव!" असं म्हणत सर टीपॉयवर बोटांची पेरं आपटायचे. कप हलायचे. चहा सांडला की आत हाक जायची, "सिती, क्लॉथ!"

परदेशात, पाया लेबार भागातल्या ऑफिसात ते माझे मॅनेजर. रविवारी दुपारी मात्र आम्ही पाच-सहा मराठी मंडळी पासिर रिसला त्यांच्या फ्लॅटवर आधुनिक चिनी साहित्य वाचायला जमायचो. चिनी कुणालाच येत नव्हतं. इंग्रजी भाषांतरं वाचायची आणि मराठीत भांडायचं. असे सर तुम्हीही पाहिले असतील. दुसऱ्याच्या दुःखाचा अभ्यास दांडगा.

शंभरेक वर्षांपूर्वी चीनमधल्या तरुण लेखकांत दोन फळ्या पडल्या. एक म्हणे, लिहायचं ते माणसांच्या जगण्यासाठी. दुसरी म्हणे, आतून उसळेल तेच खरं. सर पहिल्या फळीचे कडवे शिपाई.

"दुसरे नुसते रडवे! चंद्र, वारा आणि मी, मी, मी!"

"पण सर, पुढं त्या रडव्यांतलेच कितीतरी क्रांतीत उतरले."

"तू पत्रकं वाटत मोठी झालीस, म्हणून तुला त्यांचं कौतुक."

वाटलीच होती, पुण्यात, भर उन्हात. लाज कसली?

सिती ही त्यांच्याकडं राहून काम करणारी इंडोनेशियन बाई. झोपायची बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे तिथल्या फ्लॅटांत बांधलेलीच असते त्या कोठीत. जाड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. सरांच्या पुस्तकांची खोकीही तिथंच. संदर्भ हवा असला की सर दार न वाजवता आत शिरायचे.

एका रविवारी त्यांनी शांघायमधल्या मोलकरणीची गोष्ट वाचली. मालकीण तिला आजारी आईकडं जाऊ देत नाही, एवढीच. शेवटच्या पानावर सर अडखळले. रडव्यांचा हा वैरी चक्क रडला.

"सिती, टिश्यू!"

ती डबा घेऊन आली आणि त्यांचे डोळे पुसून होईपर्यंत उभी राहिली.

मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले. विचारलं, रविवारी सुट्टी नसते?

"संडे यू ऑल कम, मॅम."

तिची बहीण पुंगोलला कामाला. तिला फक्त रविवार मोकळा. महिनोन् महिने गाठ नाही.

मी तशीच बाहेर आले. "सर, सितीला रविवार का नाही?"

"त्याचे पैसे देतो मी तिला."

"पैशात बहीण भेटते?"

"घरी माणसं येणार, चहा कोण करणार? जरा वास्तव बघ!"

"तेच बघतेय. पुढच्या रविवारी मी खाली बसणार, इमारतीखालच्या दगडी टेबलाशी. ज्याला यायचं त्यानं यावं."

"सोमवारी ऑफिसात भेटायचंय आपल्याला," सर थंडपणे म्हणाले. या देशात राहून काम करायचा माझा पास कुणाच्या शेऱ्यावर टिकतो, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. आठवडाभर नाही.

रविवारी एकेक करत सगळे खाली जमले. मग लिफ्ट उघडली. फुलाफुलांचा झगा घातलेली सिती बाहेर आली आणि आमच्याकडं न बघता बस-स्टॉपकडं गेली, जवळजवळ पळतच. तिच्यामागून सर. हातात थर्मास.

त्यांनी स्वतः चहा ओतला. वर पत्तीचा थर.

"गाळणं सापडलं नाही," ते म्हणाले.

शांघायच्या गल्लीबोळातल्या चुली तोंडपाठ, आणि स्वतःच्या घरातलं गाळणं ठाऊक नाही! मी तो कप संपवला, कडू होता तरी.

पुढं सर कायमचे पुण्याला परतले. निरोपाच्या जेवणात सगळे त्यांच्याबद्दल भरभरून बोलले. मी बोलले नाही. माफ केलेलं नाही मी त्यांना. पण वास्तववाद हा शब्द निघाला की तेच दिसतात: दगडी टेबलाशी, कपातली पत्ती बोटानं काढत, बस निघून गेलेल्या रिकाम्या स्टॉपकडं बघणारे.