घरचं दूध

चांगदेव आप्पा माझे चुलते. भांडगावच्या दूध डेअरीत तीस वर्षं ते फॅट मोजतायत आणि तीस वर्षं मी त्यांच्यावर वैतागलोय. कॅन तळापासून ढवळल्याशिवाय नमुना घ्यायचेच नाहीत, मग मागची रांग हायवेला का टेकेना. मशीन चिठ्ठी छापतं, तरी प्रत्येकाचं नाव आणि फॅट मोठ्यानं पुकारायचे. काकूंचं, म्हणजे सिंधूबाईंचं दूध आलं की मात्र नुसतं, "घरचं!" चारचौघांत बायकोचं नाव घेणं त्यांना कुठलं जमायला!

होळीनंतर त्यांच्या जिभेच्या कडेला फोड आला. जीभ चावली गेली असेल म्हणत महिना घालवला, तंबाखू चालूच. शेवटी दौंडच्या डॉक्टरांनी जखम वरवर खरवडून पेशी तपासायला पाठवल्या. रिपोर्टमध्ये होतं, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. पण नमुना अपुरा आहे, तुकडा काढून पुन्हा तपासा. आप्पांनी पहिलं वाक्य वाचलं आणि पेढे आणले. दुसरं मी वाचून दाखवलं तर माझ्यावरच खेकसले, "हात लावला की पसरतंय ते! तुकडाबिकडा काय न्हाई काढायचा."

मी चिडून रिपोर्ट पाकिटात कोंबला. रात्री जेवताना काकूंनी विषय काढला.

"वरवर घेतलेला नमुना तुम्ही कवा धरलाय का? माझ्या दुधाचा सुदीक न्हाई धरला. आन् सोताच्या जिभेचा धरताय व्हय?"

आप्पांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो.

तुकडा काढल्यानं काही पसरलं नाही. पण आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सरच निघाला. स्कॅनमध्ये मानेतली एक गाठही संशयाची दिसली.

"आधी ऑपरेशन," पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिभेचा साधारण तिसरा हिस्सा आणि मानेतल्या गाठी काढू. पुढे रेडिएशनचा शेक लागेल का, केमो लागेल का, ते काढलेला भाग तपासून ठरवू."

"जीभ ठिवून नुसता शेक दिला तर?"

"देता येतो. पण तुमच्या बाबतीत बरं होण्याची शक्यता ऑपरेशननं जास्त. बोलणं जड होईल. सरावानं बरंच सुधारतं, पण पहिल्यासारखं होईल असा शब्द मी देणार नाही."

परतताना गाडी मीच चालवत होतो. हा माणूस आता नाही म्हणणार, हीच भीती. वाटेत यवत आलं तेव्हा आप्पा म्हणाले, "फोडाच्या कडंचं चांगलंबी थोडं काढून तपासत्यात म्हनं. बरोबर हाय त्येंचं." मग, "पन मच्छिंद्र, पुकारायचं कुनी?"



ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळी ते डेअरीत हजर. तसंच ढवळणं, तसंच पुकारणं. दूध घालून झालं तरी कुणी घरी जाईना. सगळ्यात शेवटी काकू किटली घेऊन आल्या. आप्पांनी दूध ढवळलं, नमुना मशीनला लावला, घसा खाकरला.

"सिंधूबाई चांगदेव! सहा पॉइंट आठ!"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग तो काढून म्हणाल्या, "आजून एकदा म्हना."

आप्पांनी पुन्हा पुकारलं. या वेळी फॅट सांगितला नाही.