समोरच्या दारातला भाऊ

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत माझा मित्र आणि त्याचा धाकटा भाऊ समोरासमोर राहत. गावच्या जागेवरून बिनसलं आणि दोघांचं बोलणं थांबलं, ते थांबलंच.

धाकटा महाप्याच्या एका ऑफिसात बसून स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमधल्या शाळांची एकमेकींकडे जाण्यायेण्याची व्यवस्था लावतो. लिफ्टमध्ये भेटला की मजल्यांच्या आकड्यांकडे बघत भरभर सांगतो, "दादा, यंदा नॉर्वेची पोरं स्वीडनला चाललीत, गाणी शिकायला. लोकांच्या घरीच राहणार. शेजारी देश ना, येणं-जाणं पाहिजे."

परवा मित्र गेला. त्या घरी चूल पेटायची नव्हती, म्हणून मी पिठलं-भात घेऊन गेलो. मागोमाग धाकटाही पातेलं घेऊन उंबऱ्याशी आला.

"वहिनी, शेजारी आणतात ना, म्हणून..."

वहिनींनी पातेल्याकडे पाहिलं. "भाऊजी, सुतक तुम्हालापण आहे. तुमच्या घरी चूल पेटवलीत?"

त्याने पातेलं उंबऱ्याशीच खाली ठेवलं. वहिनींनी माझ्या डब्यातला भात त्याच्यासाठी ताटात वाढला. "शेजारी हे. तुम्ही भाऊ आहात. बसा."

तो बसला. भाताला मात्र त्याने हात लावला नाही.