भाटवे आणि टॉर्कचा पाना

माझ्या भाटव्यांसारखा संतापी माणूस वर्धा नदीपासून प्राणहितेपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्यानेही भाटव्यांची बोलणी एकदा तरी खाल्लेली असतील. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपात जन्म घालवला, रिटायर झाले आणि माजरीलाच घर बांधून राहिले. माणसं रिटायर झाली की भजनाला लागतात, शेताच्या धुऱ्यावर चकरा मारतात, नातवंडं खेळवतात. आमच्या भाटव्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली, तिची मागची सीट काढून फेकली, रुंद टायर चढवले आणि दर रविवारी ती ट्रॅकवर पळवायला लागले. ट्रॅक म्हणजे भद्रावतीकडे एका ट्रान्सपोर्टवाल्याने पडीक जमिनीवर डांबर ओतून केलेली वाकडीतिकडी वाट. चंद्रपूरची पोरं तिथे गाड्या आणतात, हेल्मेट घालतात आणि एकेक जण घड्याळ लावून चकरा मारतो. त्या पोरांमध्ये पांढऱ्या मिशांचे आमचे भाटवे. हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारा बेफिकीर असेल. बेफिकीर असता तर काय ते एकदाच बोलून मी मोकळा झालो असतो. रुंद टायर आतल्या शॉकअपला घासू नयेत म्हणून त्यांनी चाकांना स्पेसर लावले. स्पेसर म्हणजे ज्यावर चाक बसतं तो हब आणि चाक यांच्या मध्ये बसवायची धातूची जाड चकती. ती घातली की चाक तेवढं बाहेर सरकतं. एवढीशी ती चकती, पण तिच्यापायी ह्या माणसाने घरादाराला जगणं नकोसं केलं. चकती हबवर घट्ट बसली पाहिजे, जरा डुगडुगली की भंगारात. चकती जाड तर बोल्टही लांब पाहिजेत, नाहीतर नटाला पुरते आटे मिळत नाहीत आणि भर वळणावर चाक आपल्या वाटेने जातं, आपण आपल्या. नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही. थोडं चालवून पुन्हा पाना लावायचा, आणि ट्रॅकवर उतरण्याआधी दर वेळी. गोंडपिपरीत औषधांचं दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे तोंडपाठ असायचं काय कारण? कारण एवढंच की भाऊबीजेला मी बहिणीकडे जातो, आणि पाटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत तिथे दुसरा विषय निघत नाही. एकदा मध्येच मी ताईकडे भात मागितला, तर माझं लक्ष कुठे आहे म्हणून माझीच खरडपट्टी निघाली.

घरातल्या घरात असतं तरी सोसलं असतं. एका उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या पोराचं लग्न होतं. नवरदेवासाठी कुणाची तरी मोठी गाडी मागून आणली होती, दिसायला रुबाबदार, चाकं मडगार्डच्या चांगली बाहेर आलेली. वरात मांडवाच्या तोंडाशी पोचली, बँडवाला रंगात आला, आणि भाटवे गाडीला आडवे आले. वाकून चाकाच्या आत बोट फिरवलं, उठले आणि नवरदेवाला खाली उतरवलं. एकावर एक दोन स्पेसर घातलेत, नट नुसते टोकाला लटकलेत, म्हणे. अहो, मांडव समोर दिसत होता, गाडी बैलाच्या चालीने चालली होती! पण भाटव्यांपुढे बोलतो कोण? सूट, फेटा, मुंडावळ्या घालून पोरगं डांबरावर भाजत उभं. मुलीकडच्यांना वाटलं, वरपक्ष रुसला. मुलीचा मामा हात जोडून पुढे आला आणि काय कमी पडलं म्हणून विचारायला लागला. भाटवे एवढंच म्हणाले, "आटे." हा कोणता मान द्यायचा राहून गेला, ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. नवरदेव कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे बसून बोहल्यावर गेला. तो मामा अजून आमच्या घरच्यांशी बोलत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

खंडेनवमीची गोष्ट तर मी विसरणार नाही. सणाचा दिवस म्हणून ताईने विळी, कोयता, पाने, पेंचिस असं सगळं धुऊन पाटावर मांडलं. चाकं काढलेली होती, स्पेसर ओसरीवर पडले होते. तेही तिने मांडले. प्रत्येकाला तेलाचं बोट, हळदकुंकू, वर झेंडूच्या पाकळ्या. नवऱ्याचा जीव ह्याच चकत्यांवर आहे, मग देवाला पहिलं साकडं त्यांच्यासाठी घालावं, इतका साधा हिशेब तिचा. भाटवे आंघोळ करून आले आणि घर डोक्यावर घेतलं. चकती आणि हब यांच्या मध्ये कागदाचा कपटा गेला तरी चाक सरळ बसत नाही, पाकळी दबते, सुकते, नट ढिले पडतात, हे सगळं गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. शेवटी म्हणाले, "देवाले चाकाच्या बाहेर बसव, आत नाई." वाक्य ऐकून मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण ताईने घासलेट आणलं आणि कापडाने एकेक चकती पुसत बसली. वर्षाच्या सणाला तिचा उतरलेला चेहरा पाहून माझं डोकं असं तापलं की मी न जेवता गोंडपिपरीची बस धरली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, ह्याचाच मला जास्त राग आला होता.

मग हिवाळ्यात ताईचा फोन आला. येत्या रविवारी ट्रॅकवर ये, एवढंच म्हणाली. कशाला, ते सांगेना. गेलो. भाटवे चाकापाशी उकिडवे बसून टॉर्कच्या पान्याने नट आवळत होते. ह्या पान्याची गंमत अशी की नट हवा तेवढा आवळला गेला की तो कट् असा वाजतो आणि हाताला हलका झटका देतो. तिथे थांबायचं. त्यापुढे ओढलं तर बोल्ट ताणला जातो, वरून धडधाकट दिसतो आणि वळणावर तुटतो. हे मला कोणी शिकवलं? भाटव्यांनीच. पाना वाजला. भाटवे थांबले नाहीत, अंगाचं वजन टाकून आणखी ओढलं. दुसरा नट, तेच. मी म्हणालो, भाऊजी, वाजलं. ते म्हणाले, मले काय शिकवतं, मले आयकू येते. आणि तिसरा नटही तसाच ओढला.

 मला असा संताप आला की पोरं बघत आहेत याचंही भान राहिलं नाही. हेच नट घेऊन हा माणूस आता ट्रॅकच्या वळणावर जाणार होता. मी पाना हिसकावून घेतला आणि त्यांना पाठ करून उभं केलं. वाजलं की हात वर करा, म्हणालो. पाना ओढला. कट्. हात वर गेला नाही. पुन्हा ओढला. पोरांची बडबड थांबली, पलीकडच्या गाडीचं इंजिन कुणीतरी बंद केलं. त्या शांततेत तिसऱ्यांदा ओढला. भाटवे वैतागून वळले आणि म्हणाले, "ओढून राह्यला का नाई बे?"

 वर्कशॉपातल्या हातोड्यांनी कान नेले होते, हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने नट सोडवून सोडवून बोटं बधिर झाली होती, त्यामुळे झटकाही कळत नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना सगळं समजलं असावं.  त्यांनी डबा घेऊन उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं.

"कवापासून?"

ताई त्यांच्या जवळ गेली आणि मोठ्याने म्हणाली, "पोळा झाला तवापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी आंगावर येता. कोन सांगन?"

त्या दिवशी गाडी ट्रॅकवर उतरली नाही. दोरी बांधून माजरीला ओढत नेली आणि भाटव्यांनी तिचे सगळे बोल्ट काढून फेकले. नवे बोल्ट आणले. मी म्हणालो, आता हे नाद बंद करा आणि आधी कानाच्या डॉक्टरकडे चला. त्यावर आमचं असं भांडण झालं की संक्रांतीपर्यंत तोंड पाहिलं नाही. डॉक्टरकडे ते गेलेच नाहीत. कानाची मशीन म्हाताऱ्यांनी लावायची असते, म्हणे.

संक्रांत झाल्यावर मीच न राहवून ट्रॅकवर गेलो. ताई एका घडीच्या स्टुलावर चाकाशेजारी बसली होती. तिचा एक हात भाटव्यांच्या खांद्यावर होता. पाना वाजला की ती खांदा दाबायची आणि भाटवे तिथल्या तिथे थांबायचे. वाद नाही, तोंड नाही. जो माणूस वरातीसमोर थांबला नाही, देवासमोर थांबला नाही, तो माझ्या बहिणीच्या बोटांवर थांबत होता. मला तिचा राग आला, इतके दिवस गप्प राहिली म्हणून. त्यांचा आला, तिला गप्प बसवलं म्हणून. 

शेवटचा नट झाला. ताईने खांदा दाबला आणि हात काढून घेतला. भाटवे तसेच बसून राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "राहू दे अजून." त्यांच्या मते ते हळूच बोलले होते. पण ऐकू न येणाऱ्या माणसाचं हळू केवढं असतं! ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला उभ्या पोरांनाही ते ऐकू गेलं, आणि कोणी हसलं नाही. ताईने हात पुन्हा खांद्यावर ठेवला.