रेतीगाडीचं इंजिन

"पयले वजन सांग. ताकद मंग सांग."

इंजिन विकायला आलेल्या माणसाला आमचा मिस्त्री एवढंच म्हणायचा, आणि तेही पाठ फिरवून. समोरच्याकडे बघून बोलणं त्याला कमीपणाचं वाटत असावं.

मला तो माणूस कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. डोळ्यांआड झालेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. तसलं लिहिणारे पुष्कळ आहेत, ते तुम्ही तिकडे वाचा.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी इतवारीतल्या एका वर्कशॉपात सुपरवायझर होतो; सगळे मला बाबू म्हणायचे. डिप्लोमा नवा, शर्टाला कडक इस्त्री आणि जिभेला हाड नाही. मिस्त्री माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, कोष्ट्याच्या घरातला. लढाईच्या काळात हातमाग सोडून तो लष्करी मोटारसायकली दुरुस्त करायला शिकला होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मला गंजलेला नट सोडवता येत नव्हता. आमच्या वैराला तेवढं भांडवल पुरलं.

आमचे मालक उन्हाळ्यात कन्हान नदीतल्या वाड्यांवरून टरबुजं उचलायचे. तुम्ही पाहिल्या असतील त्या वाड्या. पाणी आटलं की पात्रातल्या रेतीत खड्डे करून, खत घालून वेल लावतात. फळ उत्तम येतं, पण बैलगाडी रेतीत रुतते. मग बायका डोक्यावर टोपली घेऊन अर्धा मैल काठापर्यंत चालायच्या. मालकांच्या मनात आलं, की रेतीवर पळणारी हलकी गाडी करावी. लष्कराच्या लिलावातून विमानाची रुंद टायरं आणली होती, पाइपाचा सांगाडाही झाला. प्रश्न इंजिनाचा होता.

मी म्हटलं, जीपचं. चार सिलिंडर, भरपूर ताकद. मिस्त्री म्हणाला, मोटारसायकलचं. मी त्याला जीपची इंग्रजी पुस्तिका दाखवायला गेलो तर तो म्हणाला, "मले कागद नोको दाखवू. रेतीले वाचता येते का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना नदीवर नेलं. जीपचं इंजिन लाकडी बल्लीला टांगून चार माणसांना अनवाणी चालवलं. मग मोटारसायकलचं इंजिन स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो शेजारून चालला, आणि मागे येऊन सगळ्यांच्या पावलांच्या ठशांत बोट घालून खोली मोजत बसला.

"आठ पाय आणि दोन पाय, हा हिशेब कुठला?" मी म्हटलं.

"थ्या आठ पायाइचे खड्डे पाह्य, माह्याहून खोल हायेत," तो म्हणाला. "मंग बोल."

माणसं हसली. मी रागानं लाल झालो आणि हट्टानं जीपचं इंजिनच बसवून घेतलं. गाडी वीस हात गेली आणि पोटापर्यंत रेतीत बसली. बैल जुंपून बाहेर काढावी लागली.

त्या संध्याकाळी मालकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "रोजची कटकट नोको मले. आता मिस्त्रीचं इंजिन लावा. या मोसमात गाडी चालली तर मिस्त्री राहीन, बाबू जाईन. नाही चालली तर मिस्त्री जाईन."

माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते.

मिस्त्रीची गाडी चालली. खरं सांगायचं तर पळाली. सीताबाई नावाची एक वाडीवाली रोज दहा-बारा टोपल्या वाहायची. ती पहिल्या दिवशी टरबुजांवर बसून काठापर्यंत आली आणि उतरायला तयार होईना. मिस्त्री माझ्याकडे पाठ करून बिडी ओढत होता.

तेव्हाच मला ते दिसलं. इंजिनात हवा ओढणाऱ्या कार्बोरेटरचं तोंड उघडं होतं आणि मागचं चाक नेमकी त्याच्यासमोर रेती उडवत होतं. माझ्या पुस्तिकेत यावर अख्खं पान होतं, हवा तेलाच्या वाटीतून गाळून घ्यावी म्हणून चित्रासकट. मिस्त्री जे शिकला ते डांबरी रस्त्यावरच्या मोटारसायकलींवर. इंजिनाला मोकळा श्वास हवा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मी बोललो नाही. कागद नको म्हणाला ना, मग नको. मी रोज नदीवर जायचो, गाडी बघायचो आणि गप्प बसायचो.

सहाव्या दिवशी भर उन्हात, टरबुजांनी भरलेली गाडी पात्राच्या मधोमध धूर सोडून थांबली. इंजिन जाम झालं होतं. बायकांनी पुन्हा टोपल्या उचलल्या.

वर्कशॉपात मिस्त्रीनं सिलिंडर उघडला, आत बोट फिरवलं. रेती-तेलाचा करडा चिखल बाहेर आला. तो त्यानं अंगठ्यानं चोळून पाहिला आणि पहिल्यांदाच तोंड माझ्याकडे केलं.

"तुले मालूम होतं का गा, बाबू?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा पाठ फिरवली. मग मालकांकडे जाऊन म्हणाला, "इंजिन बराबर हाय. मी चुकलो." पाने पुसले, पोत्यात बांधले आणि गेला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तयारी करून बसलो होतो.

सिलिंडर नव्यानं घासून घेतला. जीपच्या इंजिनाची तेलाची वाटी काढून मी त्या छोट्या इंजिनाला लावली. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा नदीत उतरली आणि नंतर कितीतरी उन्हाळे चालली. लोक तिला बाबूची गाडी म्हणायचे. मी कोणाला दुरुस्त केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सीताबाईनं मला थांबवलं. "तो मिस्त्री काहून येत नाही आता?"

"दुसरीकडे लागला."

"त्याच्यानं माही मान वाचली." तिनं वेलीवरून एक मोठं टरबूज तोडलं आणि माझ्या हातात दिलं. "हे त्याले देजो. पोचवशीन ना गा?"

मी हो म्हटलं. तो खापरखेड्याला वीजघराच्या कामावर होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. नदीवरून सायकलनं अर्ध्या तासाची वाट. मी सायकल तिकडे वळवलीही. फाट्यापर्यंत गेलो. त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला असता, म्हणून तिथूनच सायकल परत फिरवली.

टरबूज घरी आणलं. बायकोनं विचारलं, कोणी दिलं. नदीवरच्या लोकांनी, मी म्हटलं. तिनं ते कापलं, आणि मी ते पांढऱ्या सालीपर्यंत खाल्लं.